लाइन सोडून चाकण–न्हावाशेवा कंटेनरवर यावं का? घर आणि झोप, दोन्हीचं खरं सांगा

मोशीचा_चक्रधर

नमस्कार मंडळी. राहायला मोशीत, गाव खेड तालुक्यात. सध्या लाइनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रकवर आहे. चाकणला ऑटोचा माल भरायचा, होसूर नाहीतर श्रीपेरंबुदूरला खाली करायचा, येताना जे भाडं मिळेल ते घेऊन यायचं. गाडी चौदा टायर, केबिन बरी आहे, मालक पगार वेळेवर देतो. तक्रार अशी काही नाही.

अडचण घरची आहे. पोरगी तिसरीत गेली. शाळेच्या डायरीत पालकाची सही कायम बायकोची. परत येण्याचा दिवस मला स्वतःला माहीत नसतो, कारण रिटर्न भाडं मिळालं तर दोन दिवसांत निघतो, नाही मिळालं तर तिकडेच पार्किंगला पडून. बायको म्हणते आता बास, लोकल बघा.

तीन जागा समोर आहेत. एक, चाकण ते न्हावाशेवा बंदर कंटेनर. मालक म्हणतो, "सव्वाशे किलोमीटर तर आहे, रोज घरी जाशील." दुसरी, लोणी काळभोरहून पेट्रोल-डिझेलचा टँकर. तिसरी, चाकणमध्येच कंपन्यांच्या आतल्या आत पार्ट फिरवायची गाडी, बारा तासांची शिफ्ट, एक आठवडा दिवस एक आठवडा रात्र. लाइनवर भत्ता धरून हातात जास्त येतं, तिन्हीकडे त्यापेक्षा कमी. ते मी चालवून घेईन.

किलोमीटरचं गणित मला कळतं. विचारायचंय ते अंगाचं. लाइनवर पहाटे चित्रदुर्गच्या पुढे झापड येते, तेव्हा गाडी साइडला लावून पडतो, कुणी विचारत नाही. लोकलला ही सोय असते का? ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सांगा.

भोसरी_बॉय

डोळे झाकून घे भाऊ. रोज घरचं जेवण, अजून काय पाहिजे.

निगडी_ट्रान्सपोर्टनगर

वरच्या भावाला नमस्कार, पण आमच्या धंद्यात डोळे झाकून काही घेऊ नये.

चक्रधर, मी लाइन केली, न्हावाशेवा केला, कार कॅरियर केला, आता चाकणच्या प्लांटवरून सिलेंडरची गाडी चालवतो. त्यामुळे तुझ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस.

आधी कंटेनरचं. सव्वाशे किलोमीटर खरंय. पण त्या कामात गाडी चालवणं हा सगळ्यात छोटा भाग आहे. एक्स्पोर्टची ट्रिप अशी असते. आधी यार्डातून रिकामा कंटेनर उचलायचा. तिथे नंबर. कंटेनर फाटका निघाला, आत तेल सांडलेलं असलं तर बदलून घ्यायचा, पुन्हा नंबर. मग कंपनीच्या गेटवर. सकाळी नऊला बोलावलेलं असतं, डॉकवर गाडी लागते दुपारी, माल भरून सील होऊन कागद हातात येईपर्यंत संध्याकाळ. तेव्हा कुठे तू चाकणमधून निघणार, म्हणजे नेमका शिफ्ट सुटायच्या वेळेला तळेगाव रोडवर. तो रोड तुला सांगायला नको. घाट उतरून पळस्पे, तिथून पुढे जासई-करळच्या बाजूला बंदराची रांग. कागदात काही चुकलं, फॉर्म तेरा, म्हणजे बंदरात शिरायचा कागद, आला नाही, की साइडला. बोटीचा कट-ऑफ, म्हणजे कंटेनर पोचवायची शेवटची वेळ असते, त्यामुळे ऑफिसातून दर अर्ध्या तासाला फोन. गेटच्या आत गेलास तेव्हा मध्यरात्र उलटलेली. कंटेनर उतरला, आता मालक म्हणतो रिकामा येऊ नको, इम्पोर्टचा एक आहे, घेऊन ये. पुन्हा नंबर. पहाटे चारला तू घाट चढतोयस.

सकाळी घरी पोचलास. मालकाचं बोलणं खोटं ठरलं नाही, तू घरी आलास. पण पोरगी शाळेला निघाली आणि तू गादीवर पडलास. दुपारी फोन, गाडी कंपनीत लावा, खाली करायची आहे.

यात सगळ्यात वाईट काय, तर ही ट्रिप नेमकी चोवीस तासांची नसते. कधी वीस तास, कधी तीस. म्हणून झोपायची वेळ रोज सरकते. सोमवारी सकाळी सातला झोपलास, मंगळवारी दुपारी एकला, बुधवारी रात्री. शरीराला कुठल्याच वेळेची सवय लागत नाही. सलग रात्रपाळी करणारा वॉचमन तरी काही दिवसांत थोडाफार रुळतो, कंटेनरवाला कधीच रुळत नाही.

आणि लायनीतली झोप ही झोप नाही. पुढची गाडी दहा मिनिटांनी हलते, तू नाही हलवली तर मागचा हॉर्न मारतो किंवा मधे घुसतो. सीटवर मान टाकून तू चार तास होतास, ऑफिसच्या हिशोबात तो आराम झाला. अंगाच्या हिशोबात तू जागाच होतास.

हे मी मनानं सांगत नाही. माणूस सलग सतरा तास जागा राहिला की त्याचं लक्ष आणि हातपाय चालण्याची गती रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी होते, असे प्रयोग ऑस्ट्रेलियात १९९७ च्या सुमारास झालेत. आपल्याकडे दारूची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सातला उठून कंपनीच्या गेटवर गेलेला कंटेनरवाला रात्री बाराला बंदरात पोचतो तेव्हा, थेंबही न घेता, फुंकायच्या मशीनच्या हिशोबाने नापास आहे. आणि त्याला अजून घाट चढायचाय. मशीनमध्ये झोप दिसत नाही एवढंच.

पहाटे दोन ते पाच ही सगळ्यांचीच वाईट वेळ. शरीराचं घड्याळच तसं आहे, त्यात मर्दपणाचा संबंध नाही. तुला चित्रदुर्गला येते, मला खंबाटकीत यायची. दुपारी दोन ते चारला एक छोटी लाट परत येते, लोक ती जेवणावर ढकलतात, पण जेवला नाहीस तरी येते. त्यावर उपाय एकच, गाडी लावून वीस मिनिटं पडायचं. चहा प्यायचा तर पडायच्या आधी प्यायचा, कारण तो अंगी लागायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, उठेपर्यंत काम सुरू होतं. काच खाली करणं, गाणी मोठी लावणं, तोंडात मावा धरणं याने पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, डुलकी थांबत नाही. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. चार सेकंद पापणी मिटली म्हणजे किती ते तूच मोज.

आता तुझा खरा प्रश्न. लोकलला गाडी साइडला लावून पडायची सोय असते का? लाइनवर मालक बेंगळुरूपासून लांब असतो, तू कुठे चार तास झोपलास ते तो फार तर जीपीएसवर बघतो. लाइनवर कागदाचीही तेवढी घाई नसते. ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाला, दर दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो, चेन्नईला त्या हिशोबाने सहा दिवस झाले. घाई करतो तो ट्रान्सपोर्टर. लोकलला मात्र सगळंच जवळ असतं, मालक, सुपरवायझर, पार्टी म्हणजे मालवाली कंपनी. दहा मिनिटं गाडी थांबली की फोन. लाइन घर तोडते, पण झोप बऱ्याच अंशी तुझ्या हातात ठेवते. लोकल घर दाखवते आणि झोप दुसऱ्याच्या हातात देते. मला विचारशील तर घर किती वेळा दिसतं हे नंतर बघ. गाडी भरायची वेळ काय आणि थांबायचं किती, हे आधी विचार.

मालकाला विचारू नकोस, त्याचे ड्रायव्हर गाठ. गाठायची जागा पार्किंग, ऑफिस नाही. त्यांना विचार, काल रात्री दोन वाजता कुठे होता? परवा? एवढ्यात कळतं. आणखी एक विचार, एक ड्रायव्हर सुट्टीवर गेला तर बदली ड्रायव्हर आहे का? बदली नसेल तर साप्ताहिक सुट्टी बोलण्यापुरती.

वाघोलीकर_वहिनी

मी ड्रायव्हर नाही, ड्रायव्हरची बायको आहे. इथे बहुतेक पुरुषच लिहितात म्हणून कधी लिहिलं नाही, पण निगडीच्या काकांचं वाचून राहवलं नाही.

आमचे हे आधी लाइनवर होते, आता आरएमसीचा, म्हणजे तयार काँक्रीटचा मिक्सर चालवतात. लोकलच म्हणायचं, प्लांट घरापासून जवळ. पण दिवसा शहरात अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा, म्हणून स्लॅब बरेचदा रात्री. पाणी घातल्यापासून साधारण दोन तासांत माल ओतायचा असतो, त्यामुळे एकदा गाडी भरली की मधे थांबणं नाही. सकाळी घरी येतात ते सिमेंटने पांढरे होऊन.

दादा, तुम्ही दिवसा झोपायचं म्हणता, पण कुठे झोपणार ते ठरवलंय का? आमच्या दोन खोल्या, वर पत्रा. एप्रिलमध्ये अकरा वाजल्यानंतर त्या पत्र्याखाली माणूस झोपू शकत नाही. शेजारी मिक्सर, कुकर, खाली भंगारवाला, बाराला पाण्याचा टँकर आला की सगळ्या बायका बादल्या घेऊन जिन्यात. मुलगा शाळेतून आला की त्याला बापाशी बोलायचं असतं, मी त्याला बाहेर पिटाळायची. असं वर्षभर चाललं. घरात माणूस होता आणि आम्ही सगळे कुजबुजत होतो. लाइनवर असताना निदान चार दिवस यायचे तर चारही दिवस आमचे असायचे, म्हणजे त्यातला एक झोपेत आणि एक कुणाच्या तरी लग्नात जायचा, तरी पण.

शेवटी आम्ही खालच्या मजल्यावर, पत्रा नसलेली खोली घेतली. भाडं जास्त. खिडकीला जाड काळं कापड लावलं, फोन माझ्याकडे ठेवते, प्लांटवाल्यांना सांगून टाकलंय की दुपारी दोनच्या आधी फोन मी उचलणार आणि "झोपलेत" एवढंच सांगणार. पहिल्यांदा सुपरवायझर चिडला, आता सवय झाली. तेव्हा पगारातून किती कमी येणार याच्याबरोबर दिवसा झोपायच्या खोलीचं भाडंही धरा.

अजून एक सांगते, कुणाच्या कामी आलं तर. यांचं घोरणं इतकं की भिंत हलावी, आणि मधेच श्वास थांबल्यासारखा व्हायचा, मग दचकून उठायचे. आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड. मी समजायची दमलेत. डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला लावली, रात्रभर वायरी लावून. झोपेत श्वास अडतो असं निघालं. मान जाड, वजन जास्त, दिवसभर बसून काम, ड्रायव्हर लोकांमध्ये हे खूप असतं म्हणाले. आता नाकाला मास्क लावायचं मशीन आहे, त्याने फरक पडला. पण ते मशीन रोज लावावं लागतं. ट्रकची बॅटरी चोवीस व्होल्टची, त्यावर चालवायला वेगळा कन्व्हर्टर लागतो, आणि ढाब्यावर खाटेवर झोपताना कुठे लावणार? आमची लाइन कायमची सुटली ती या मशीनमुळे. तुम्ही घोरत असाल तर नोकरी बदलायच्या आधी एकदा तपासून घ्या. नाहीतर घरी येऊन रोज झोपाल आणि थकवा तसाच राहील, मग दोष नोकरीला द्याल.

डिस्पॅच_चाकण

मी टेबलाच्या पलीकडचा माणूस. गाड्या लावतो, म्हणजे वर ज्यांना शिव्या बसल्यात त्यातला एक. काकांचं बरंचसं बरोबर आहे, पण सगळे कंटेनर एका मापाने मोजू नका.

काही कंपन्या आता डॉकला वेळ ठरवून देतात. तुमचा स्लॉट अकराचा असेल तर साडेदहाला बोलावतात आणि एकला सोडतात. अशा पार्टीचं काम धरलेल्या मालकाकडे ड्रायव्हर टिकतात. दुसऱ्या बाजूला असेही एक्स्पोर्टर आहेत जे गाडीलाच गोडाऊन समजतात. तेव्हा मालक कोण यापेक्षा पार्टी कोण ते विचारा. आणि हॉल्टिंगचे पैसे पार्टीकडून मिळतात का, त्यातले ड्रायव्हरला मिळतात का, तेही. जिथे थांबण्याचे पैसे मोजावे लागतात तिथे गाडी लवकर सुटते, हे मी रोज बघतो.

तिसऱ्या जागेबद्दल कुणीच लिहिलं नाही. कंपन्यांच्या आतल्या आत पार्ट फिरवायची गाडी, आम्ही मिल्क रन म्हणतो. दुधाचा काही संबंध नाही, गवळ्यासारखं दारोदार फिरून माल गोळा करायचा म्हणून. पार्ट न पोचल्याने कंपनीतली असेंब्ली लाइन बंद पडली तर कंपनी दंड लावते, त्यामुळे वेळा पक्क्या. पगार सगळ्यात कमी, पण शिफ्ट संपली की चावी दुसऱ्याच्या हातात. वाईट एवढंच की एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. बदलाचे पहिले दोन दिवस ड्रायव्हर बावचळलेले असतात, पार्किंगमध्ये आरसे फुटतात ते त्याच दिवसांत. महिनाभर एकच शिफ्ट देतात का विचारा, काही ठिकाणी मागितली तर देतात.

लाइन सोडायची नसेल तर आणखी एक प्रकार आहे, रिले. गुरुग्रामच्या रिव्हिगो कंपनीने २०१४ नंतर तो गाजवला. एका ड्रायव्हरने चार-पाच तास गाडी न्यायची, पुढच्याला द्यायची आणि उलट दिशेची गाडी घेऊन घरी यायचं. गाडी दिल्लीला जाते, ड्रायव्हर रात्री आपल्या गावात. ऐकायला एक नंबर. पण त्याला दोन्ही दिशेला सारखा माल लागतो, आणि दर टप्प्यावर माणसं. त्यांचा तो एक्स्प्रेसचा धंदा २०२२ मध्ये महिंद्रा लॉजिस्टिक्सने घेतला. पुण्यातल्या दहा-वीस गाड्यांच्या मालकाला हे जमणं अवघड. त्याऐवजी कुरिअरच्या गाड्यांवर दोन ड्रायव्हर देतात, एक चालवतो एक मागे झोपतो. त्या चालत्या गाडीतल्या झोपेबद्दल काकाच सांगतील.

निगडी_ट्रान्सपोर्टनगर

चालत्या गाडीत झोप लागते, पण कच्ची. दर स्पीडब्रेकरला कळतं आपण कुठे आलो. आणि दुसरा ड्रायव्हर नवीन असेल तर मागे पडून तूच मनात ब्रेक मारत बसतोस. आता २०२५ पासून नव्या गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली, उन्हाळ्यात तेवढा फरक पडेल. पण गाडी उभी असताना किती मालक नुसत्या एसीसाठी डिझेल जाळू देतील ते बघू.

डिस्पॅचवाल्या भावाचं हॉल्टिंगचं म्हणणं मला पटलं. त्यावरून कायद्याचं सांगतो. १९६१ चा मोटर वाहतूक कामगारांचा कायदा होता, आता तो २०२० च्या नव्या कामगार संहितेत मिसळलाय. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, आठवड्याला एक सुट्टी, सगळं त्या जुन्या कायद्यात लिहिलेलं. पण कामाचे तास म्हणजे काय याची व्याख्या एका वकिलांनी मला वाचून दाखवली. गाडी चालवणं धरलंय, त्याच्या जोडीची कामं धरलीत, आणि टर्मिनलवर नुसतं हजर राहणं धरलंय, तेही पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर. सोळाव्या मिनिटाचं काय? न्हावाशेव्याला सोळावं मिनिट रात्री नऊला सुरू होतं आणि दीडला संपतं.

अमेरिकेत याच्या उलटं आहे. तिकडे अकरा तासच गाडी चालवता येते आणि तीही ड्यूटी सुरू झाल्यापासून चौदा तासांच्या आत. गोडाऊनवर तू चार तास थांबलास तरी ते चौदाचं घड्याळ चालूच. मग सलग दहा तास सुट्टी. २०१७ च्या डिसेंबरपासून हे गाडीतलं यंत्र मोजतं, वहीत खाडाखोड चालत नाही. तिकडचे ड्रायव्हर त्यावरही भांडतात, कारण पैसे बहुतेकांना मैलावर मिळतात आणि थांबण्यात घड्याळ संपलं की मैल गेले. म्हणजे थांबण्याचं दुखणं तिकडेही आहे, फक्त ते कागदावर दिसतं. आपल्याकडे गडकरींनी २०२१ मध्ये ड्रायव्हरचे तास विमानाच्या पायलटसारखे ठरवा म्हणून सांगितलं होतं. सांगितलं होतं.

लोणीचा_टँकर

टँकरबद्दल मी लिहितो, बाकी लोक चिडतील पण या तिघांत टँकरच घ्या.

सकाळी लवकर नंबर, टर्मिनलमध्ये भरणं, मग पंप. सातारा, नगर, सोलापूरच्या बाजूचे पंप असतात, काही इथलेच. भरण्याचं काम दिवसाचं, पंपवाल्यालाही माल दिवसा हवा असतो, कारण डिप मारून, म्हणजे पट्टी घालून माल मोजून, सील बघून घ्यायचा असतो. लांबचा पंप आला तर एखादी रात्र बाहेर. एरवी रात्री आपल्या घरी, आणि रात्री म्हणजे रात्रीच. जीपीएस, लॉक, ठरलेला रूट, वाटेत उगाच थांबलात तर जाब द्यावा लागतो, हे आधीच सांगतो. ज्याला मनाला येईल तिथे गाडी लावायची सवय आहे त्याला जड जातं. पण थांबायच्या जागा ठरवून दिलेल्या असतात आणि तिथे पडलात तर कुणी उठवत नाही.

त्रास वेगळा आहे. उन्हात टँकवर चढायचं, वास, आत मोबाइल बंद. डोकं सतत जागं ठेवावं लागतं, त्याचा थकवा असतो पण तो झोपल्यावर जातो. लाइनचा थकवा झोपल्यावर जायचा नाही, मला घरी येऊन दोन दिवस गाडी हलल्यासारखी वाटायची.

भत्ता कमी आहे. सणाला सुट्टी मिळेलच असं नाही, दिवाळीत पंप बंद ठेवून कसं चालेल.

मोशीचा_चक्रधर

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं.

काकांनी सांगितलं तसं केलं. न्हावाशेव्याच्या त्या मालकाचे दोन ड्रायव्हर तळेगावच्या पार्किंगला भेटले. रात्री दोनला कुठे होता विचारल्यावर दोघंही हसले. एकाने सांगितलं, सीटच्या मागे कायम उशी असते आणि मालक तिला केबिन सुविधा म्हणतो. बदली ड्रायव्हर नाही. आणि लाँग वीकेंडला एक्स्प्रेसवेवर अवजड गाड्या थांबवल्या की जिथे अडकले तिथे अडकले, ते मालकाच्या "रोज"मध्ये येत नाही. तो विषय संपला.

वहिनी, तुमचं वाचून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, तुम्ही पण घोरताच. मी म्हटलं सगळेच घोरतात. ती म्हणाली, सगळे श्वास नाही थांबवत. पुढच्या आठवड्यात दाखवून येतो.

आता मिल्क रन की टँकर. मिल्क रनला महिनाभर दिवसाची शिफ्ट देतील का विचारलं, ते म्हणाले नवीन माणसाला आधी रात्र. टँकरकडे मन जास्त आहे, पण माझ्या लायसन्सवर घातक मालाची नोंद नाही. ती कशी करायची? आणि मोशीहून लोणीला रोज पहाटे जायचं म्हणजे दीड तास, तोही झोपेतूनच जाणार ना?

लोणीचा_टँकर

जाणारच. मी आधी चिखलीहून यायचो, मग कुटुंब उचलून थेऊर फाट्याजवळ आणलं. पोरीची शाळा मधेच बदलू नका, वर्ष संपेपर्यंत बाइकवर काढा. पावसाळ्यात हडपसर-मांजरी बाजूला पहाटे खड्डे दिसत नाहीत, जपून.

नोंदीसाठी तीन दिवसांचं ट्रेनिंग असतं, मान्यताप्राप्त संस्थेतच करा. ड्रायव्हरांचं ट्रेनिंग भोसरीला सीआयआरटी या रस्ते वाहतुकीच्या संस्थेत चालतं, तुम्हाला जवळ आहे, तिथे पुढची बॅच कधी ते विचारा. एजंटकडून नुसता दाखला घेऊ नका, तो चालत नाही. दाखला मिळाला की आरटीओत जाऊन लायसन्सवर नोंद करून घ्यायची, ती तीन वर्षं चालते.

निगडी_ट्रान्सपोर्टनगर

आणि आत्ताच्या मालकाला लगेच सांगू नकोस. आधी ट्रेनिंग, मग नोंद, मग टँकरवाल्याचं पक्कं, मग राजीनामा. उचल किती बाकी आहे ते आजच वहीत बघून घे, सोडताना सगळ्यांचं तिथेच अडतं.

वाघोलीकर_वहिनी

आधी डॉक्टर.